लिव्हर ट्रान्सप्लांटबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

ट्रान्सप्लांट केलं तरी पेशंट जेमतेम वर्षभर जगतो, असा मेसेज फिरतोय आणि तो वाचून लोक खरंच ऑपरेशनला नाही म्हणतायत, म्हणून लिहितोय. प्लीज तो मेसेज फॉरवर्ड करू नका. त्यात म्हटलंय ते पूर्वी खरं होतं, आता नाही. १९६३ मध्ये डॉ. थॉमस स्टार्झल यांनी पहिलं ट्रान्सप्लांट केलं तेव्हा सुरुवातीचे पेशंट महिनाभरही जगले नाहीत, आणि १९८० च्या आधी तर वर्ष काढणारे साधारण तिघांत एक. मग सायक्लोस्पोरिन आलं, नंतर टॅक्रोलिमस, शरीर नवीन लिव्हर नाकारतं ते या औषधांनी आटोक्यात आलं आणि चित्रच पालटलं. आज चांगल्या सेंटर्समध्ये दहापैकी साधारण नऊ पेशंट वर्ष पूर्ण करतात, पाच वर्षांनीही सातापेक्षा जास्त असतात, वीस-पंचवीस वर्षं जगलेलेही आहेत. हां, गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, इन्फेक्शन सांभाळावं लागतं, किडनीवर परिणाम होऊ शकतो, हे लपवायचं कारण नाही. पण सगळ्यात जास्त नुकसान होतं ते उशिरा रेफर केल्यामुळे, कारण तोवर पेशंट इतका खचलेला असतो की ऑपरेशनच झेपत नाही.