नाना आणि साठ प्लॉट

बार्सिलोनाला सासऱ्यांना सोबत नेऊ नये. निदान ज्यांचा शिरवळचा एन.ए. प्लॉट वर्षानुवर्षं अडकून पडलाय, अशांना तरी.

पार्क ग्वेलच्या तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते. मेट्रोतून उतरल्यावर लागणारा चढ मात्र कुठेच छापलेला नसतो. सरकते जिने आहेत, पण ते संपले तरी डोंगर उरतोच. बायको घड्याळ दाखवत पुढे आणि नाना धापा टाकत मागे. त्यांना चालतं ठेवायला मी माहिती पुरवत होतो. १९०० साली एउसेबी ग्वेल या कारखानदाराने इथे श्रीमंतांच्या बंगल्यांची स्कीम काढली, साठेक प्लॉटची. आराखडा आंतोनी गौदीचा.

नाना थांबले. "बांधकाम किती करू द्यायचे?"

"प्लॉटच्या एक षष्ठांश."

"मग कोण घेतो! बसबिस?"

"वरपर्यंत धड सोय नव्हती."

नानांचा दम एकदम परत आला. दुसऱ्याची स्कीम बसल्याचं ऐकून माणूस डोंगर चढू शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ग्वेलच्या ओळखीतल्या एका वकिलाने तेवढा प्लॉट घेतला. सॅम्पल बंगल्यालाही गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा १९०६ साली खुद्द गौदीच वडील आणि भाचीला घेऊन तिथे राहायला आला.

"आर्किटेक्टच्याच गळ्यात मारला!" नाना खूश.

१९१४ ला काम थांबलं, १९१८ ला ग्वेल गेला, १९२२ मध्ये वारसांनी सगळं पालिकेला विकलं आणि १९२६ ला बाग लोकांना खुली झाली. मुख्य भागाला तिकीट लागलं ते २०१३ पासून.

आत गेल्यावर बायको पायऱ्यांवरच्या पालीच्या रंगीत पुतळ्यासोबत फोटो काढायला रांगेत लागली. घरी हीच बाई पाल दिसली की ओट्यावर चढते. नागमोडी बाकावरचे फरशीचे तुकडे नानांनी नखाने टोकरून पाहिले. "फुटका माल खपवलाय. पण जावईबापू, पाण्याचं काय?"

वरच्या मैदानात पडलेलं पावसाचं पाणी वाळूतून गाळत, खांबांच्या पोटातून खाली टाकीत उतरतं. टाकी १२०० घनमीटरची, म्हणजे बारा लाख लिटर. जास्तीचं पाणी त्या पालीच्या तोंडातून बाहेर.

नाना बराच वेळ गप्प होते. शिरवळला तीन बोअर कोरड्या गेल्यात. मग ते तडक गार्डकडे गेले आणि हिंदीत म्हणाले, "भाईसाब, उस टाइम यहाँ रेट क्या चल रहा था?"

गार्डने अत्यंत अदबीने स्वच्छतागृहाकडे बोट दाखवलं.