इंडेंटशिवाय माल मिळणार नाही

आमच्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. नवऱ्याच्या मते उरलेले तीन लांब आहेत. कसंही असो, वरणाची वाटी त्या बाजूला ठेवली की कलते. म्हणून काल रात्री भांडी आवरून झाल्यावर मी मुलाच्या खोलीत गेले. म्हटलं, त्याच्या हजारो लेगो ठोकळ्यांतला एक चपटा ठोकळा पायाखाली सारावा. डब्याच्या झाकणाला हात लावला आणि अंथरुणातून आवाज आला, "आई, इंडेंट?"

मुलगा आठ वर्षांचा आहे. तिसरीत. सात नव्वे विचारलं तर अजून बोटांकडे बघतो. पण इंडेंट म्हणजे माल मागण्याची चिठ्ठी, ती दोन प्रतींत लिहायची, आणि तिच्याशिवाय स्टोअरमधून खिळासुद्धा हलत नाही, हे त्याला तोंडपाठ आहे.

मी चिठ्ठी लिहिली. हो, लिहिली! रात्री साडेदहाला, माझ्याच घरात, माझ्याच पगारातून आलेल्या आणि मीच तीनदा धुतलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी. 'चपटा ठोकळा, नग 1, कारण: टेबल डुगडुगते.' त्यानं ती दिव्याखाली धरून वाचली, उशाशी ठेवलेलं लाल पेन उचललं आणि त्यावर लिहिलं, 'अपुर्ण'. पू ऱ्हस्व.

"साइज लिहिलाच नाहीयेस," तो म्हणाला. "टू बाय टू की टू बाय थ्री? काका चालवून घेत नाहीत."

काका म्हणजे खालचे काका. त्यांच्याकडे येतेच, पण आधी ठोकळ्यांचं.

सुरुवात सगळ्यांकडे होते तशीच झाली. वाढदिवसाला एक खोका, दिवाळीला आत्याकडून दुसरा. मग माझ्या चुलतभावाचा मुलगा दहावीत गेला आणि वहिनीनं मोठ्या मनानं त्याचा सगळा साठा पंचवीस किलो तांदळाच्या रिकाम्या पोत्यात भरून पाठवून दिला. पोतं आमच्या दारात टेकवताना ती इतकी का हसत होती, ते मला तेव्हा कळलं नाही.

मी काय काय करून पाहिलं नाही? श्रीखंडाचे डबे झाले, आइस्क्रीमचे झाले. जुनी चादर अंथरून तिच्यावर खेळायचं आणि शेवटी चार टोकं धरून गाठोडं बांधायचं, हेही केलं. ते खरं तर उत्तम चालतं, फक्त हवा असलेला तुकडा कायम गाठोड्याच्या तळाशी असतो. एकदा आई आली होती. तिनं परातीत पसाभर ठोकळे घेतले, चष्मा लावला आणि तांदूळ निवडावे तसे निवडायला बसली. तासाभरात चाकं एकीकडे, खिडक्या दुसरीकडे. मग बारीकसारीक तुकड्यांना मी मिसळणाचा जुना डबा दिला. सात वाट्या, एकीत टोप्या, एकीत केस, एकीत हात. महिन्याभरानं सासूबाई आल्या. फोडणीला तेल तापलेलं, त्यांनी सवयीनं तोच डबा ओढला आणि मोहरीच्या वाटीत बोटं घातली. आत एकोणीस मुंडकी. सगळी हसत होती. सासूबाई अजून म्हणतात, "तुझ्या स्वयंपाकघरात मी नाही बाई हात लावत." या सगळ्या खटाटोपाचा तेवढा एक फायदा झाला.

अंधारात अनवाणी पायाखाली ठोकळा येण्याबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ज्यांना नाही, त्यांनी दारं-खिडक्या लावून मगच पाय टाकावा, म्हणजे तोंडातून निघेल ते सोसायटीभर जाणार नाही.

शेवटी एकदा मी ठरवून बसले आणि तीन रात्री जागून सगळे रंगांप्रमाणे लावले. लाल एकीकडे, निळे एकीकडे, काळे, पांढरे, पिवळे. नवऱ्यानं मोबाइलवरून मान न उचलता "कलर-वाइज लाव ना" असं सुचवलं होतं. सुचवणं हे त्याचं योगदान. दिसायला फार सुंदर दिसत होतं. मी फोटोही काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मुलानं सगळे डबे एकापाठोपाठ एक फरशीवर ओतले, कारण त्याला एक काळी बिजागरी सापडत नव्हती. तो खळ्ळ आवाज विरायच्या आत बेल वाजली.

दारात खालचे काका. बनियनवर घाईनं चढवलेला शर्ट, एक बटण चुकलेलं. हे गृहस्थ पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअर्सला होते. निवृत्तीनंतर दुपारची झोप ही त्यांची नोकरी आहे. मी माफीची वाक्यं जुळवत होते, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. त्या पसाऱ्याकडे ते असे पाहत राहिले, जसा माणूस गावचं पडकं घर पाहतो.

"ताई," ते म्हणाले, "स्टॉक किती आहे?"

"कसला?"

"या मालाचा. फिजिकल कधी घेतलंत शेवटचं?"

मी म्हटलं, "काका, खेळ आहे तो. मोजलेला नाही कुणी."

"मोजलेला नाही," ते स्वतःशीच म्हणाले आणि चप्पल काढून आत आले. उकिडवे बसले. मूठभर ठोकळे उचलले. "लावलेत कसे?"

"रंगांवर." माझ्या आवाजात थोडा अभिमान असावा. तीन रात्री होत्या त्या.

"रंगावर?" काका माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाले, "बाळ, आम्ही नटबोल्ट काय रंगावर लावायचो का रे? काळ्या ढिगात काळी बिजागरी कशी दिसेल? आकारावर लावायचं. बिजागऱ्यांच्या डब्यात काळी एकच असते, ती आपली आपण डोळ्यांत भरते."

यातली सर्वांत संतापजनक गोष्ट म्हणजे ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी ते व्हर्नियर कॅलिपर घेऊन आले. मखमलीच्या पेटीतून. आठ टेंगळांचा एक ठोकळा धरला, मापला, पुन्हा मापला. "चार टेंगळं, आठ-आठ मिलिमीटरवर. म्हणजे लांबी किती यायला हवी? बत्तीस. येतेय 31.8! हे 0.2 मुद्दाम सोडलेत. का? शेजारच्या ठोकळ्याला घासू नये म्हणून." त्यांचा आवाज भरून आला होता. शेजाऱ्यांत थोडं अंतर ठेवावं हे लेगो बनवणाऱ्या त्या डेन्मार्कच्या माणसांना सुचलं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, पण तेवढ्यात काकांना चहा हवा होता. बिनसाखरेचा.

रात्री ते मोबाइलवर वाचत असावेत, कारण रोज नवी माहिती घेऊन येत. बिलुंड नावाच्या गावात 1932 मध्ये एका सुतारानं लाकडी खेळणी करायला सुरुवात केली, त्यातून लेगो कंपनी उभी राहिली. या ठोकळ्याचं पेटंट 28 जानेवारी 1958 चं. आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर घट्ट बसतो. "आमच्याकडे," काका म्हणाले, "सोमवारचा बोल्ट मंगळवारच्या नटात जात नव्हता." मुलानं त्यांना सांगितलं की आठ टेंगळांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात. काकांनी तो आकडा डायरीत लिहून घेतला. ते परत जागेवर ठेवायचा प्रकार मात्र एकच, तो म्हणजे मी. हे कुणी लिहून घेतलं नाही.

मग मोजणी. मला वाटलं, आता ही मंडळी दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत एक-दोन-तीन करत बसणार. काका हसले. एका जातीचे शंभर मोजले, माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकले. पाव किलोला थोडे कमी. मग त्या जातीचा सगळा ढीग टाकला आणि भागाकार केला. मुलानं केला! ज्याला भागाकार म्हटलं की पोटात दुखतं, त्यानं. प्रत्येक डब्याला बिन कार्ड लागलं: आवक, जावक, शिल्लक. त्यांचा एकमेव पारदर्शक निळा तुकडा 'ए क्लास आयटम' ठरून माझ्या कानातल्यांच्या डबीत कापसावर गेला. कानातली आता वाटीत असतात. पहिल्या मजल्यावरचा मित्र दोन चाकं घरी न्यायला निघाला, तर त्याला रिटर्नेबल गेटपास. तो बिचारा रडला.

आणि मग तो प्रसंग. काकांना शंभरेक ठोकळे असे सापडले, जे कशावरच नीट बसेनात. एक सैल, एक इतका घट्ट की दातांनी काढावा लागावा. काकांनी व्हर्नियर लावला, चष्मा कपाळावर सरकवला आणि थंड आवाजात विचारलं, "हे कुणी पर्चेस केलं?"

मी पोळ्या करत होते. मुलानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"निम्म्या किमतीत मिळाले होते," मी म्हटलं. "बाजारात. सारखेच दिसत होते."

"पर्चेसवाले चौतीस वर्षं मला हेच सांगत आले," काका म्हणाले. मोठा श्वास घेतला. "बाळ, लाल पेंट आण. रिजेक्शन."

माझ्या खरेदीवर माझ्याच नेलपेंटचे ठिपके पडले.

खाली काकू खूश आहेत. लिफ्टमध्ये भेटल्या तर म्हणाल्या, "असू देत गं तिकडेच. सिरियल तरी नीट बघायला मिळते." सोसायटीतही बोलबाला झाला. काकांनी काय सिस्टिम लावली आहे! लोक बघायला येतात. येतात म्हणजे चहा पितात. सगळ्यांत जास्त कौतुक नवऱ्याला. "बघ, एका आठवड्यात," तो परवा म्हणाला. तीन वर्षं मी तेच करत होते, तर ते आवरणं होतं. रोज रात्री सोफ्याखाली आडवी होऊन, झाडूच्या दांड्यानं ठोकळे ओढत. तेव्हा बघायला कुणी आलं नाही, उलट एका पाहुण्यांनी विचारलं होतं, "पसारा बराच असतो नाही तुमच्याकडे?" एकच काम, पुरुषानं केलं की त्याला इंग्रजी नाव मिळतं. आणि चहा मीच करते, हे त्यांच्या कुठल्याच कार्डावर जावक म्हणून नोंदलेलं नाही.

आमच्या लहानपणी बरं होतं, असं मी म्हणणार नव्हते, पण म्हणतेच. दिवाळीत किल्ला करायचो. माती, विटा, पोत्याचं कापड, त्यावर अळीव पेरायचे. तुळशीचं लग्न होईपर्यंत बुरूज ढासळलेले असत आणि पुढच्या पावसात किल्ला जिथून आला तिथे परत जाई. मावळे तेवढे धुवून बुटाच्या खोक्यात. झालं स्टोरेज. यंदा पार्किंगमधल्या किल्ल्यावर आमच्या मुलानं पिवळ्या तोंडाचे चार अंतराळवीर पहाऱ्याला बसवले होते. तुळशीच्या लग्नानंतर परत आले तीन. काकांनी दोन दिवस चौकशी चालवली. 'तूट: 1' असं आजही त्या कार्डावर आहे, आणि माझी सही.

आता काका आठवडाभर लेकीकडे नाशिकला गेले आहेत. जाताना चावी मुलाकडे देऊन गेले. चावी म्हणजे काय, कपाटाला कुलूप नाहीच, नुसतीच एक जुनी चावी आहे. पण मुलगा ती दोरीत ओवून गळ्यात घालतो.

तर काल रात्री मी दुसरी चिठ्ठी लिहिली. टू बाय थ्री, चपटा, रंग कोणताही, नग एक. तीही परत आली, कारण प्रत एकच होती. वाद घालण्यात अर्थ नव्हता, सकाळी त्याची शाळा होती. मी दोन्ही चिठ्ठ्यांच्या चार-चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या पायाखाली सारल्या.

वाटी अजून किंचित कलते. आणखी एक नामंजूर झाली की बसेल.