‘फुप्फुसाचे व्रण विरघळवणारं औषध’: फॉरवर्डला उत्तर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. फायब्रोसिसवर, म्हणजे फुप्फुसात व्रणासारखे कडक डाग पडून ती ताठर होण्याच्या आजारावर, नाकातोंडाने ओढायचं औषध निघालंय, ते फुप्फुसातले व्रण विरघळवतं, त्रास शून्य, तेव्हा महागड्या गोळ्या बंद करा. तोवर निलगिरीची वाफ घ्या, काम तेच. शिवाय औषधाच्या चाचणीत निम्म्यांना नुसतं पाणी देऊन फसवतात, म्हणून तिकडे फिरकू नका. आमच्या वाडीतल्या एका काकांनी हे वाचून गोळ्या थांबवल्या, म्हणून लिहितेय.

औषध खरं आहे, नाव ट्रेप्रोस्टिनिल. व्रण विरघळतात हे मात्र खोटं. ५२ आठवड्यांच्या ज्या चाचणीचा निकाल सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला, तीत मोजली ती फुंकलेली हवा. छाती भरून श्वास घ्यायचा आणि ‘फुंका, फुंका, अजून!’ असं टेक्निशियन ओरडत असताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत नळीत सोडायचा. या हवेतली घसरण औषध घेणाऱ्यांत, औषध न मिळालेल्या दुसऱ्या गटापेक्षा, सुमारे ९५ मिलिलिटरने कमी भरली. घसरण मंदावली, झालेला व्रण पुसला गेला नाही. अंगणातून पडवीत येताना ज्याला धाप लागते, त्याच्यासाठी हेही थोडं नाही.

गोळ्या बंद करणं सगळ्यात घातक. त्या चाचणीतले बहुतेक रुग्ण निंटेडानिब किंवा पिरफेनिडोन, म्हणजे याच आजारावरची नेहमीची औषधं, घेतच होते; नवं औषध जोडीला होतं. त्रास शून्य हेही चूक: खोकला वाढतो, आणि औषध दिवसातून चार वेळा ओढावं लागतं.

आता ‘नुसतं पाणी’. वर्षानुवर्षं या आजारावर डॉक्टर प्रेडनिसोलोन, अझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टिन अशी तीन औषधं एकत्र देत, अगदी मनापासून. अमेरिकेत प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या गोळ्यांशी, तुलना झाली तेव्हा औषधवाल्या गटात मृत्यू जास्त दिसले आणि २०११ मध्ये चाचणीतला या तीन औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. तो दुसरा गट नसता, तर ही औषधं अजूनही आपल्या माणसांच्या पोटात गेली असती. याला फसवणूक म्हणणं मला सहन होत नाही. प्लासिबो मिळू शकतो, हे संमतिपत्रात आधीच लिहिलेलं असतं.

निलगिरीच्या वाफेने नाक-घसा मोकळा होतो, बस्स. व्रण असतात खोल, वायुकोशांच्या भिंतींत.

कुणी चाचणीबद्दल विचारलं तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा, संमतिपत्र मराठीत मागा. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं. इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.