डिझाइनवर लिहायचंय? आधी सडा चढा

नोकरी सोडून मुक्त लेखक व्हायचं ठरवलंत? तेही डिझाइन आणि तंत्रज्ञानावर, मालवणच्या बाजूला घरी बसून? झकास. फक्त उत्तर तयार ठेवा. शेजारच्या काकी रोज विचारणार, "झिला, खंय कामाक लागलंस की नाय?" "घरात बसान लिवतंय" म्हटलं की त्या आईकडे बघून नुसता सुस्कारा सोडतात.

मानधन विचारू नका. विचारलं की समोरचा दुखावतो.

लेख वेळेत द्या. लाईट गेली, पाठोपाठ टॉवर गेला, तर लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रेंजसाठी सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळी पठारावर जा. जांभ्यावर बसा, एका हातात छत्री धरा आणि फाइल जाईपर्यंत निळी रेघ सरकताना बघा. 'अर्जंट' म्हणून मागवलेला लेख तिकडे तीन आठवड्यांनी उघडतात.

विषय आवडीचा निवडा, म्हणजे मनस्तापही आवडीचा होतो. मी देवनागरी फॉन्टवर लिहिलं. मराठीचा पाकळीयुक्त ल वेगळा, हिंदीतला दंडयुक्त, म्हणजे उभ्या रेघेचा ल वेगळा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीत, दोघांचा क्रमांक एकच, त्यामुळे कुठला दिसणार ते फॉन्ट ठरवतो. पाकळीचा ल वापरा, असं शासनानेही २००९ साली सांगून ठेवलंय. तर दोन्ही ल शेजारी शेजारी दाखवणारं चित्र मी काढून पाठवलं. लेख मागवणाऱ्यांनी चित्र फेकून दिलं आणि त्या जागी आपल्या फॉन्टमध्ये दोनदा ल टाइप केला. दोन्ही दंडाचे! खाली ओळ माझीच, 'फरक पाहा'. वर संपादकांचा फोन, "सर, दोन्ही सेमच दिसतात. एक काढून टाकू का?" अख्खा लेख ज्या एका अक्षरावर, तेच काढू का म्हणून विचारतात! लेख वाचला होता का कुणी? वाचणारा माणूस ठेवलाय का तिथे?

असो. बिल पाठवा. मग व्हेंडर फॉर्म भरा, पॅन द्या, रद्द केलेला चेक द्या. फॉर्म जुना होता म्हणून पुन्हा भरा. मग 'अकाउंट्सला फॉरवर्ड केलंय'. अकाउंट्स कुठे असतं ते विचारू नका.

माझे आठ लेखांचे ५६,००० रुपये. सात महिने झाले. परवा २६एएस, म्हणजे माझ्या नावावर भरलेल्या कराचा सरकारी तक्ता, उघडून पाहिला तर त्यात दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर), ५,६०० रुपये, माझ्या नावावर जमा! म्हणजे मला पैसे दिल्याचं सरकारला कळलंय, मलाच तेवढं कळलेलं नाही.

आता सरळच विचारतो. लाज वाटत नाही का हो तुम्हाला? माझी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद आहे, क्रमांक बिलावर ठळक छापलाय. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात पैसे द्यायला जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तुमच्या अकाउंट्सला हे माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. कोकणातला माणूस, दारात माड आहेत, याला कशाला घाई, असंच ना? माडावरून नारळ उतरवणाऱ्यालाही आम्ही त्याच दिवशी पैसे देतो. माझे ५०,४०० रुपये पाठवा. आणि तो ल बदला.