साउंडबोर्ड फुटलाय म्हणण्याआधी (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की जुलैपासून तुमच्या ग्रँड पियानोचा एक स्वर झणझणतोय म्हणजे साउंडबोर्डच (तारांखालची, आवाज मोठा करणारी लाकडी पाटी) तडकलाय, आणि "झणझण खोलीतल्या एखाद्या वस्तूचीही असू शकते, आधी खोली तपासा" असं पोस्टमध्ये सांगून मी लोकांचा वेळ घालवतोय, वर त्यांना आत हात घालायला शिकवतोय.

हात घालण्याबद्दलचं एकदम मान्य. अ‍ॅक्शन (पट्ट्या आणि हातोड्यांचा आतला सांगाडा) बाहेर ओढताना चुकून एक जरी पट्टी दाबली गेली तर तिची हातोडी वर उठते, वरच्या लाकडाला अडकते आणि दांडी कटकन मोडते, हे मी लिहायलाच हवं होतं. आज पोस्टमध्ये घातलंय. ते काम ट्यूनरचंच, म्हणजे पियानो सुरात लावणाऱ्या कारागिराचं.

पण साउंडबोर्डचं मला पटत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, भेगा उलट मिटतात, त्या उघडतात कोरड्या हवेत, नाहीतर रात्रंदिवस एसी चालणाऱ्या खोलीत. तुमचा आवाज तर ऐन जुलैत सुरू झालाय! आणि नुसती भेग बहुतेक वेळा गप्पच असते हो, खालची रिब (बोर्डाला चिकटवलेली आधाराची लाकडी पट्टी) सुटून बोर्ड तिच्यावर थडथडायला लागला की मग आवाज येतो, आणि तेही कळतं, एकाने स्वर वाजवायचा, दुसऱ्याने खाली झोपून बोर्ड हाताने दाबत जायचं, आवाज जिथे थांबेल तिथे दुखणं.

दादरला ओळखीच्यांकडे मिडल सीच्या (पियानोच्या साधारण मधल्या सीच्या) खालचा डी असाच झर्रर्र करायचा, कुणीतरी त्यांना साउंडबोर्ड बदला म्हणून सांगितलेलं, बिचारे घाबरून गेलेले. मी पियानोला हातच लावला नाही, स्पीकरवर त्याच डीचा, म्हणजे १४७ हर्ट्झचा टोन लावला, तर तीच झर्रर्र! डॅम्पर (तारा गप्प करणारे नमद्याचे ठोकळे) तारांवर बसलेले, तार गप्प, मग कान लावत लावत गेलो तर समोरच्या शोकेसची सरकती काच. बोट टेकवलं की बंद, काढलं की सुरू. खाचेत कागदाची घडी सारली, काम झालं.

टोनला काहीच वाजलं नाही तर मग पियानोकडे वळायचं, नोटेशन ठेवायचा स्टँड, झाकणाच्या बिजागरीची पिन, तारांखाली पडलेली पेन्सिल. खर्जातली एकच तार झणझणत असेल तर तिच्यावरचं तांब्याचं वेटोळं सैल झालेलं असू शकतं, ट्यूनर ती उतरवून एक पीळ देऊन बघतो.

तुमचा नेमका कुठला स्वर आहे ते लिहिलेलं नाही. तो कळवा, आणि झाकण उघडं ठेवून एकदा, बंद करून एकदा वाजवून फरक पडतो का तेही सांगा.