गावस्करला डावखुरा करणारा बोलर

काल संध्याकाळी व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर पोरांची मॅच बघत उभा होतो. एक डावखुरा स्पिनर टेनिस बॉलसुद्धा मस्त उंच सोडत होता. शेजारचा म्हणाला, "जडेजा हाय बघ." मी म्हटलं, "रघुराम भट." तो म्हणाला, "कोण?"

म्हणून ही पोस्ट, कर्नाटकाच्या या जुन्या डावखुऱ्या स्पिनरवर.

बेळगावच्या मराठी घरात क्रिकेटची निष्ठा म्हणजे अवघड जागचं दुखणं. आम्ही धारवाड झोनमध्ये, पोरगा सिलेक्ट झाला तर टोपी कर्नाटकाची. आणि भिंतीवर फोटो गावस्करचा. १९८२ च्या रणजी सेमीफायनलला आमच्या घरात उघड दोन तट पडले होते. वडील मुंबईचे, काका कर्नाटकाचे.

मॅच बंगळूरला. मुंबई २७१ मध्ये आटोपली. त्यात भटच्या १२३ धावांत ८ विकेट्स, हॅटट्रिकसकट! कर्नाटकाने ४७० काढल्या. दुसऱ्या डावापर्यंत पिच असं फुटलं होतं की भटचा बॉल पडला की वळायचा आणि उसळायचासुद्धा. गावस्कर खाली, आठव्या नंबरला आला आणि भटला चक्क डावखुरा खेळला. बाकीच्यांना उजव्या हाताने, भटला डाव्या.

हिशेब साधा होता. उजव्या बॅट्समनला डावखुऱ्या स्पिनरचा बॉल बाहेर जातो, कड लागली की स्लिपमध्ये. उलटं उभं राहिलं की तोच बॉल अंगावर येतो, पॅडवर घ्यायचा, मोकळं. डोकं गावस्करचंच, वाद नाही. मुंबईने ९ बाद २०० वर मॅच वाचवली, पण पहिल्या डावाच्या आघाडीवर फायनलला कर्नाटक गेलं. (तिथं ७०५ करून हरले. दिल्लीने ७०७ केल्या. पुढच्या वर्षी कर्नाटकाने मुंबईलाच हरवून रणजी आणली, तेव्हा काकांचा कुंदा, आमची बेळगावी मिठाई, गल्लीभर फिरला.)

माझं म्हणणं एवढंच की हा किस्सा आपण कायम गावस्करचा म्हणून सांगतो. अरे, दुनियाभरच्या फास्ट बोलर्सना बिनहेल्मेट खेळणारा माणूस एका पुत्तूरच्या पोरापुढं हात बदलतो, तर किस्सा कुणाचा? बोलरला याहून मोठं सर्टिफिकेट कोण देणार?

बोर्डाने दिलं ते एवढंच: दोन कसोटी, दोन्ही १९८३ च्या ऑक्टोबरात. नागपूरला पाकिस्तान, कानपूरला वेस्ट इंडीज. विकेट्स चारच, पण त्यांत मियांदाद आणि लॉईड. मग बंद. शास्त्री, मनिंदर, दोशी, डावखुऱ्यांची रांगच होती, मान्य. पण फर्स्ट क्लासमध्ये ३७४ विकेट्स घेणाऱ्याला दोनच मॅचमध्ये जोखायचं, हे मला आजही पटत नाही. पुढं ते राज्य संघटनेचे अध्यक्ष झाले, आता बोर्डाचे खजिनदार आहेत. पोरांना ठाऊक असलेच तर त्या खुर्चीमुळं.

आमच्या घरातला वाद मात्र मिटला नाही. वडील म्हणायचे, "काही म्हण, गावस्कर नाबाद राहिला." राहिला की. १८ नाबाद. "उजव्या हातानं राहिला असता काय?" असं काका विचारायचे, आणि वडील तरुण भारत उघडून तोंडासमोर धरायचे.