पिंट्याचा फ्लॅट आणि कार्डावरचे १ लाख ८० हजार

काल रात्री सांगलीत विश्रामबागच्या कट्ट्यावर साडेदहापर्यंत एकाच विषयावर भांडण चाललं होतं. पिंट्याला फ्लॅट घ्यायचाय. त्याचं भाड्याचं घर गावभागात. २०१९ ला त्यात पुराचं पाणी शिरलं, २०२१ ला पुन्हा रातोरात सामान हलवलं. त्यामुळं नदीपासून लांब, इकडं विश्रामबागेत स्वतःचं घर पाहिजे, हा त्याचा हट्ट मला कधीच चुकीचा वाटला नाही. फ्लॅट ३२ लाखांचा. हातात येणारा पगार ६० हजार, बँकेत ४ लाखांची ठेव. आणि क्रेडिट कार्डावर १ लाख ८० हजार, वडिलांच्या अँजिओप्लास्टीचे.

"त्याचं काय एवढं? दर महिन्याला मिनिमम, म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, भरतोय की. एकदा चुकलेलं न्हाई. बँक कशाला अडवंल?" पिंट्या म्हणाला.

अण्णांनी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य काढलंय. त्यांनी भडंगाच्या पुडीचा कागद सरळ केला आणि माझा पेन मागून घेतला.

"हे बघ. तुझ्या पगाराचा निम्मा, म्हणजे ३० हजार, बँक हप्त्याला धरंल. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर लाखाला हप्ता पडतो ८६८ रुपये. ३० हजारांत साडेचौतीस लाख बसतात. आता कार्ड. बऱ्याच बँका कार्डाच्या बाकीचे ५ टक्के हप्ता म्हणूनच धरतात. ९ हजार तिथं गेले. उरले २१ हजार. त्यात बसतात २४ लाख."

पिंट्या कागदाकडं बघत राहिला. "पावणेदोन लाखांनी माझे दहा लाख खाल्ले?"

"खाल्ले. आणि तू भरतोस त्या ९ हजारांचं काय होतंय ते पण बघ. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज ६,३००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ११३४. मुद्दलात जातात दीड हजार. वर आणि, बाकी असताना नवीन काही घेतलंस की त्याला पहिल्या दिवसापासून व्याज."

मास्तर एवढा वेळ गप्प होते, पण त्यांना हे पटलं नव्हतं. त्यांनी आठ वर्षांपूर्वी असाच ओढूनताणून फ्लॅट घेतला होता. "अण्णा, तुमचं गणित बरोबर हाय. पण बिल्डर थांबणार हाय काय? मला पण तेव्हा समदे थांब म्हणायले होते. थांबलो असतो तर आज तेवढ्यात एक खोली आली नसती. घर हातात येऊ दे, कार्ड काय, बोनसमधनं फेडंल."

मास्तरांचं हे म्हणणं खोटं नाही. दर वाढतात. पण त्यांच्यावर तेव्हा कार्डाची बाकी नव्हती, हे ते विसरतात.

शिवाय स्वतःच्या खिशातले पैसे वेगळेच. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देते, म्हणजे ३ लाख २० हजार पिंट्याचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत, ते आणखी दोन लाखांच्या वर. (वहिनींच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे अण्णांनी मधेच सांगितलं.) चार लाख कुठंच पुरत नव्हते.

"एजंट म्हणालाय, कमी पडतील तेवढ्याचं पर्सनल लोन करून देतो. न्हाईतर कार्डवाल्यांशी सेटलमेंट करायची, निम्म्यात मिटतंय," पिंट्या म्हणाला.

इथं मला राहवलं नाही. सेटलमेंट मी केलीय. ४५ हजारांची बाकी होती, वसुलीवाल्यांच्या फोनला कंटाळलो आणि २० हजारांत मिटवली. "फाइल बंद झाली" असं मला तोंडी सांगितलं. तीन वर्षांनी माधवनगर रोडला घर ठरलं, आणि कर्ज नाकारलं गेलं. सिबिलच्या रिपोर्टमध्ये, म्हणजे बँका बघतात त्या कर्जफेडीच्या नोंदीत, त्या खात्यापुढं 'सेटल्ड' लिहिलेलं, म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलेलं. उरलेले २५ हजार भरले, बाकी नसल्याचं पत्र घेतलं, खातं 'क्लोज्ड' दाखवायला लावलं. तोवर ते घर दुसऱ्यानं घेतलं होतं. त्या घराला मागं पेरूचं झाड होतं. ते सांगताना माझा आवाज चढला, हे मला नंतर कळलं.

"ठेव मोड," मी म्हणालो. "सात टक्के मिळवायला चाळीसच्या वर भरायलायस."

"मोड म्हणायला काय जातंय? चार वर्षं लागलीत रे त्याला. हिनं शिकवण्या घेतल्यात. पूर आला तेव्हा तेवढंच एक कोरडं होतं आमच्याकडं."

यावर कुणीच लगेच बोललं नाही. पैसे कार्डात घालायचे म्हणजे त्या माणसाला पुन्हा पुरात उभं केल्यासारखं वाटणार, हे मला तेव्हा कुठं समजलं.

"मग सोनं ठेव," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "ठेवीला हात लावू नको."

"सोनेतारण स्वस्त पडंल," अण्णा म्हणाले, "पण ते पण कर्जच. रिपोर्टात दिसणार." मग त्यांनी कागद उलटा केला. "१ लाख ८० हजार भरलेस, तर २ लाख २० हजार राहतात. तू महिन्याला १० हजार बाजूला टाकतोस, त्यात कार्डाचे ९ हजार मिळव. १९ हजारांनी साडेनऊ महिन्यांत ठेव होती तेवढी परत. आणि कार्ड बंद करू नको. जुनं खातं राहू दे, फक्त वापर कमी ठेव. आत्ता २ लाखांच्या मर्यादेत १ लाख ८० हजार वापरलेत, त्यानंच तुझा सिबिलचा स्कोअर, म्हणजे पतीचा आकडा, खाली बसलाय. बँका रिपोर्ट आता महिनाभर न थांबता कळवतात, फरक लवकर दिसंल. तोवर कुठंच अर्ज टाकू नको. प्रत्येक अर्जाची नोंद होती."

"आणि ह्यो फ्लॅट गेला तर?"

"जाईल कदाचित," अण्णा म्हणाले. मास्तरांनी मान हलवली, पण वाद घातला नाही.

चहाची गाडी आवरायला लागली. पिंट्यानं कागदाची घडी करून खिशात घातली, थोडा बाजूला गेला आणि फोन लावला. "झोपलीस काय? अगं, ती ठेवीची पावती कुठं ठेवलीयस?... न्हाई, काय झालं न्हाई. घरी येऊन सांगतो."